हळू भांडा

बांगडीचा तुकडा जांभळा होता आणि माझ्या हातात लग्नाचा हिरवा चुडा.

यांचा सदरा धुवायला घेतला होता. धुण्याआधी खिसा उलटा करायची माझी सवय आहे आणि ती मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. खिसा झटकला तर तुकडा दगडावर पडला. तेवढ्यात हे स्वतःच हात धुवायला मोरीवर आले.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"काय?"

"बांगडीचा तुकडा आहे. तुमच्या खिशात होता."

यांनी तुकड्याकडं बघितलं, मग जमिनीकडं बघितलं. "बाजारात लागला असेल कुठंतरी."

"बाजारात बांगड्या खिशात उड्या मारतात का?"

हे हसले. हसू खोटं होतं, ते सांगायला कुणी ज्योतिषी नको. हात न धुताच निघाले, आणि तेव्हा मला त्यांच्या दंडावरचे ओरखडे दिसले. सरळ नखांचे. मागेही एकदा तसलेच दिसले होते, तेव्हा म्हणाले होते, "साचा लागला." लाकडी साच्याला नखं असतात हे मला सासरी येऊनच कळलं.

सदरा तसाच भिजत टाकला आणि घरातले हात बघून आले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या हातात जुन्या पाटल्या. धाकट्या नणंदेच्या, शकूच्या, हातात काहीच नव्हतं.

"शकू, तुझ्या बांगड्या कुठं गं?"

"काढून ठेवल्या, वहिनी. कामात मधेमधे येतात." असं म्हणून पोरीनं दोन्ही हात ओढणीत घातले आणि स्वयंपाकघरात सटकली.

म्हणजे हिलाही ठाऊक आहे, मी म्हटलं. आणि भावाला सामील आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा काचेवरून कुणी एवढा संशय घेतं का? मी घेते. आणि तो काही एका तुकड्यावर उभा नव्हता. लग्न होऊन चार-पाच महिने झाले होते आणि त्या घरात मी पाऊल टाकलं की बोलणं बंद पडायचं. बंद म्हणजे अगदी तोडल्यासारखं. मी ओसरीवर गेले की ओसरी गप्प, माजघरात गेले की माजघर गप्प. मग कुणीतरी फार गोड आवाजात म्हणायचं, "बसा ना वहिनी." इतका गोडवा मला पहिल्यापासून खुपत होता. हे लोक साखरेचा धंदा करायचे म्हणून काय झालं?

धंदा गाठ्यांचा. पाडव्याच्या गुढीला बांधतात ना साखरेची माळ, ती. एरवी वर्षभर बत्तासे, रेवड्या. पण शिमग्याच्या आधीपासून पाडव्यापर्यंत घरात गाठ्यांशिवाय दुसरा विषय नसायचा. गावात यांना आडनावानं कुणी ओळखतच नव्हतं, गाठीवालेच म्हणायचे. चार भावंडं. सगळ्यांत थोरल्या अक्का, त्या गावातच पलीकडच्या गल्लीत दिलेल्या. हंगामाला रोज सकाळी येऊन भट्टीवर बसायच्या. मग आमचे हे, दामोदर. मग हणमंत भावजी, आणि शेवटची शकू.

मी मात्र एकुलती एक. आई मी लहान असतानाच गेली. अण्णा साताऱ्याला वाचनालयात ग्रंथपाल. दिवसभर लोकांना "हळू बोला" म्हणायचे आणि घरी येऊन स्वतः हळू बोलायचे. आमच्या घरात वरच्या पट्टीत बोलायची ती फक्त कुकरची शिट्टी. तरी आमच्यात लपवाछपवी नव्हती. बोलायलाच दोघं, तर लपवायचं कुणापासून?

आणि इथं! अक्का थोरल्या नणंद. त्यांनी मला "नले" म्हणावं, "ए पोरी" म्हणावं, हक्कानं कामाला लावावं. तर ही बाई मला म्हणायची, "नलिनीबाई, आपण नका हात लावू, भाजेल." नलिनीबाई! आपण! सख्ख्या भावाच्या बायकोला कुणी असं बोलतं का? असं बोलतात ते जिला घरात ठेवायचं नाही तिच्याशी, अशी माझी खात्री झाली होती.

शेजारच्या भागीरथीकाकूंनी त्यात तेल ओतलं. एकदा आडावर भेटल्या. म्हणाल्या, "काय गं, तुमचं घर अगदी शांत झालंय तू आल्यापासनं."

"आधी कसं होतं?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. "मला बाई कशाला विचारतेस? मी सांगायची आणि तुझी सासू माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची."

"काकू, काही असलं तर सांगा. मला आई नाही."

"तसलं काही नाही गं," त्या घाईनं म्हणाल्या आणि कळशी अर्धीच भरून निघून गेल्या. तसलं काही नाही असं कुणी घाईनं सांगितलं, की तसलंच काहीतरी असतं.

आणि दुपारचं ते जाणं-येणं. जेवणं झाली की आत्याबाई मला म्हणायच्या, "जा, पड जरा. दमलीस." मी पडले की घर रिकामं व्हायचं. मागच्या दारानं एकेक जण भट्टीमागच्या जळणाच्या खोलीत जायचा. आधी अक्का, मग भावजी, मग हे. जळण आणायला इतकी माणसं लागतात? आणि परत येताना कुणाच्याच हातात एक चिपाडसुद्धा नसायचं. भावजींच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं, अक्कांचा अंबाडा सुटलेला. एकमेकांकडं बघायचे नाहीत. आणि थोड्या वेळानं सगळे चहा घ्यायला एकत्र बसायचे ते खुशीत. अगदी ताजेतवाने.

हंगाम सुरू झाला तसं आणखी एक लक्षात आलं. गाठ्या बिघडत होत्या. मला यातलं काही कळत नव्हतं, तरी एवढं दिसत होतं. साखरेचा पाक करायचा, दुधाचा हबका मारून मळी काढायची, मग तो पळीनं कढईच्या कडेला घोटायचा. घोटता घोटता तो पांढरा पडायला लागला की लगेच साच्यात ओतायचा. साच्यात दोरा ताणून धरलेला असतो. क्षणभर उशीर झाला तर कढईतच दगड, क्षणभर घाई झाली तर माळ धरत नाही, आणि दोरा ढिला पडला तर मणी गळून येतात. चौघांचे हात एकाच वेळी चालावे लागतात. आणि ही चौघं मुक्यानं काम करायची. मान हलवायची, डोळे मोठे करायची, पण शब्द नाही. घाण्यामागून घाणा फुकट जायचा. मग आत्याबाई त्या तुटक्या गाठ्या टोपलीत भरून माझ्यापासून लपवून न्यायच्या.

मला कळेना, हे लोक माझ्यासमोर बोलायला इतके का घाबरतात? बोलता बोलता काय सुटून जाईल म्हणून?

शनिवारी दुपारी, त्या जांभळ्या तुकड्याच्याच दिवशी, मी मागच्या दारापर्यंत गेले. आतून अक्कांचा दबका आवाज आला.

"उद्या ती गेली की मग दाखवते तुला."

"दाखव की. मी काय भितो?" हा यांचा आवाज.

"तोवर माझा दम निघत नाही रे, दाम्या. किती दिवस काढायचे असे?"

"शब्द दिलाय मी. तिला कळता कामा नये."

मी पाय न वाजवता परत आले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. रडले. खोटं कशाला सांगू, खूप रडले. रविवारी अण्णा मला चार दिवस माहेरी न्यायला येणार होते. तिथंच भिंतीकडं तोंड करून मी ठरवलं, अण्णांबरोबर जायचं आणि परत यायचं नाही. कुणाला शब्द दिलाय, काय दाखवायचंय, ती जांभळ्या बांगड्यांची कोण, ते माझ्यामागं खुशाल करा म्हणावं. मी आपली वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालीन.

त्या रात्री यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे." हे म्हणाले, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही." एवढंच मला यायचं.

रविवारी सकाळीच बॅग भरली. चार दिवसांना लागतात त्यापेक्षा जास्त साड्या घेतल्या. शकू दारात येऊन बघून गेली. दुपारी जेवणं झाली, आत्याबाई म्हणाल्या, "व्याही येईस्तोवर पड जरा." मी पडले. घर रिकामं झालं.

आणि मग मी उठले. म्हटलं, जायचंच आहे तर बघून जाऊ. अण्णांनी विचारलं तर सांगता तरी आलं पाहिजे.

जळणाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला.

आत आमचे हे, कॉलेज शिकलेले, चारचौघांत खाली मान घालून बोलणारे, भावजींची गचांडी धरून उभे होते. भावजींनी यांच्या मनगटाला चावा घेतला होता. अक्का, दोन लेकरांची आई, मागून यांचे केस ओढत होत्या. आणि शकू अक्कांच्या पाठीवर बुक्के घालत होती. सगळे तोंडानं काहीतरी बोलत होते, पण आवाज असा कुणाचा नाहीच. नुसती फुसफुस. आणि कोपऱ्यात, उलट्या घातलेल्या डब्यावर, आत्याबाई बसल्या होत्या. हात हलवत होत्या आणि कुजबुजत होत्या,

"हळू! हळू भांडा की रं! सुनंला जाग येईल!"

मला आधी काही उमगेचना. मी ऐकत राहिले.

"माझ्या नव्या बांगड्या फोडल्यास मेल्या, वर खिशात पुरावा ठेवतोस?" शकू यांना म्हणाली. "वहिनींनी विचारलं, मला हात लपवायला लागले!"

"तू चिमटे काढतेस त्याचं काय? दंड बघ माझा!"

"कालचा घाणा तुझ्यामुळं गेला, दाम्या," भावजी फुसफुसले. "ओत म्हणून सांगायचं सोडून डोळे काय मिचकावतोस?"

"ती समोर बसलेली. ओरडू कसा?"

"गप्प बसा सगळी!" अक्कांनी यांच्या केसांना हिसका दिला. "घाणा गेला चुलीत! पोरगी सुकत चाललीय तुझी बायको, ते दिसत नाही तुला? चार घास जेवत नाही. बॅग बघितलीस का? शकी सांगतेय, निम्मं कपाट भरलंय. ती काय परत येती आता?"

"तुझ्या त्या 'नलिनीबाई'मुळं! परक्यासारखं बोलतेस तिच्याशी!"

"मग काय नले म्हणू? तोंड उघडलं की माझा आवाज कुठं जातो तुला ठाऊक आहे. शब्द कुणी दिला तिच्या बापाला? मी दिला?"

यांचा हात भावजींच्या गळ्यावरून सुटला. हे मटकन चिपाडांवर बसले. "मग काय करू?" हे म्हणाले. "जाऊ नको म्हणून सांगू? ती काही बोलतच नाही. विचारलं तर बरं आहे म्हणते."

मी दार ढकललं.

सगळे जागच्या जागी थिजले. पहिल्यांदा भावजींना कंठ फुटला. "वहिनी! उठलात तुम्ही? चहा ठेवू का?" अक्कांनी यांचे केस सोडले आणि तेच केस हातानं चापून बसवायला लागल्या. आत्याबाई डब्यावरून उठून म्हणाल्या, "जळण बघायला आलो होतो गं."

"कसला शब्द?" मी विचारलं.

भावजींनी यांच्याकडं बघितलं, यांनी जमिनीकडं.

"मी सगळं ऐकलंय. कसला शब्द दिला होता अण्णांना?"

शेवटी आत्याबाईच बोलल्या. "सुपारी फोडायच्या दिवशी तुझे वडील म्हणाले, मला मानपान नको, काही नको. एकच मागणं आहे. माझ्या लेकीनं चढा आवाज कधी ऐकलेला नाही. तिच्यासमोर भांडणतंटा होऊ देऊ नका. दाम्यानं देवापुढच्या सुपारीवर हात ठेवून शब्द दिला. आता तूच सांग बाई, ही चार माझी. ह्यांना भांडल्याबिगर अन्न पचत नाही. लहानपणापासनं. एका ताटात जेवायची आणि ताटाखाली लाथा घालायची. घरात भांडता येईना, म्हणून मग इथं."

"आणि तुम्ही इथं बसून काय करता?"

"लक्ष ठेवते. डोळ्याबिळ्याला लागायला नको."

माझ्या मनात काय आलं असेल? हसू आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. मला संताप आला. इतके दिवस मी एकटी भिंतीकडं तोंड करून पडत होते, आणि ही सगळी माणसं इथं एकत्र. मला वगळून.

"म्हणजे मी पाहुणी," मी म्हटलं. "घरातलं सगळं मला मिळालं, भांडण तेवढं नाही."

"तसं नाही गं..." हे उठायला लागले.

"तुम्ही बोलू नका! मला वाटलं तुमची कोणी बाई आहे! जांभळ्या बांगड्यांची!"

भावजी फिस्सकन हसले. आणि त्या हसण्यानं माझा उरलासुरला तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडले. आवाज कसा लावायचा तेही माहीत नव्हतं, तो चिरकलाच. "मी तुम्हा कुणाशीही या जन्मात बोलणार नाही!"

अक्का माझ्याकडं आल्या. मला वाटलं, आता ही बाई मला मारते. त्यांनी माझा दंड धरला आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "जन्मात? अगं, एवढं मोठं नाही भांडायचं. संध्याकाळपर्यंत म्हण. फार तर उद्या सकाळपर्यंत."

"का?"

"जन्मात म्हटलंस तर मग चहाला कशी बसशील?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. थट्टा करत नव्हत्या. लहान मुलीला पोळी कशी लाटायची ते सांगावं, तसं सांगत होत्या. मला बाई खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरी एक तर गप्प बसायचं, नाहीतर जन्माचं तोडायचं. या दोन्हींच्या मध्ये काही असतं, संध्याकाळपर्यंतचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणार कोण? अण्णांशी भांडायचं? त्या माणसाला चहात साखर कमी पडली तरी तो मुकाट्यानं प्यायचा.

"आणि मी रडले तर?" मी विचारलं.

"रड की. शकी रोज रडती."

"मी कुठं रडते? तूच रडतेस!" शकू म्हणाली, आणि ती मोठ्यानं म्हणाली. मग तिनंच घाबरून तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली. हळू, अण्णांच्या आवाजात. "नलू? आहे का कुणी घरात?"

मग काय धांदल! भावजी बटण लावताहेत, ते जागेवर नाहीच. अक्का अंबाडा घालताहेत. आत्याबाई पदर सारखा करून पुढं धावल्या, "या, या, व्याही!" आणि हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्यांना सांगणार तू?" तोंड अगदी उतरलं होतं यांचं. मी पदर सावरला आणि आत्याबाईंच्या मागोमाग निघाले.

अण्णांना गूळपाणी झालं. ओसरीवर खुर्ची टाकली होती, तिथून भट्टी सरळ दिसायची. भट्टीवर पाक चढवलेला होता आणि पाक काही पाहुण्यासाठी थांबत नाही. चौघं जाऊन बसली. अक्का घोटायला, हे ओतायला, भावजी आणि शकू साच्यांवर. मी अण्णांच्या शेजारी उभी. आत माझी बॅग भरलेली.

"साडेपाचची गाडी आहे," अण्णा म्हणाले. "तयार आहेस ना?"

"हो."

"शांत घर आहे," अण्णा समाधानानं म्हणाले. "माणसं शब्दाची पक्की."

मी भट्टीकडं बघत होते. पाक पांढरा पडायला लागला होता. अक्कांनी यांच्याकडं बघून मान हलवली, यांचं लक्ष अण्णांकडं. अक्कांनी डोळे मोठे केले, भुवया उडवल्या. बाई कासावीस झाली अगदी. यांनी घाईनं पळी बुडवली. ओतायला लागले आणि तेवढ्यात मला दिसलं, भावजींच्या साच्यातला दोरा एका टोकाला सुटला होता. भावजींना ते दिसत नव्हतं. शकूला दिसत होतं, पण ती ओठ घट्ट मिटून नुसती बोट दाखवत होती. हाही घाणा जाणार. माझ्यामुळं जाणार. पाडवा तोंडावर आलेला आणि हे लोक माझ्या बापाला दिलेल्या शब्दापायी आपला धंदा बुडवत होते.

"अरे हणम्या!" मी ओरडले. "दोरा सुटला! डोळे फुटले का?"

अण्णांच्या हातातला पेला हिंदकळला.

भावजींनी दोरा पकडला. पण सगळे अण्णांकडं बघायला लागले, आणि यांच्या हातातली पळी तशीच अधांतरी. मी धावत खाली उतरले. "ओता ना! बघताय काय माझ्या तोंडाकडं? दगड होईल!"

आणि मग अक्कांचा आवाज फुटला. तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "ए नले! ओरडतेस काय नुसती? तो दुसरा साचा धर! ताण! ताण म्हणते ना! आणि दाम्या, मेल्या, ओत आता, का मुहूर्त बघायचाय?"

"ओततोय की! तू घोट आधी धड!"

"शकी, सरक तिकडं!"

"मी का सरकू? तूच सरक!"

"नले, ढिला सोडलास!"

"नाही सोडला! उगाच बोलायचं नाही, अक्का!"

सगळे साचे भरले. हात भाजला, पदराला पाक लागला. घसा दुखायला लागला माझा. साचे उघडले तेव्हा एकेक माळ अखंड, पांढरीशुभ्र निघाली. आत्याबाईंनी पहिली माळ उचलून उजेडात धरली आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. त्या ओसरीकडं वळून हात जोडायला लागल्या. "व्याही, शब्द मोडला आमच्याकडनं. पोरं आहेत, माफी..."

अण्णा खुर्चीतून उठून पायरीवर येऊन उभे होते. "नलू, जरा इकडे ये," म्हणाले.

मी हात पुसत गेले. म्हटलं, आता बॅग आणायला सांगतात. मी मनात जुळवणी करून ठेवली, काय काय म्हणायचं त्याची.

त्यांनी हातातला पेला पायरीवर ठेवला. मग म्हणाले, "लहानपणी तू सागरगोटे खेळायचीस. आठवतं?"

"थोडं."

"एकटीच खेळायचीस. पण डाव दोघींचा मांडायचीस. एकदा या बाजूला बसायचीस, एकदा त्या बाजूला. आणि मग भांडायचीस. तू लबाडी केलीस, मी नाही केली, तूच केलीस. दोन आवाज काढून. मी दाराआड उभा राहून ऐकायचो." अण्णांनी चष्मा काढला. "आत यावं, एका बाजूला बसावं, हे मला सुचलं नाही गं. मग एक दिवस तू भांडायची थांबलीस. मला वाटलं, शहाणी झाली."

मला रडू आलं. तिथंच, सगळ्यांच्या देखत. मागून शकू कुणाला तरी सांगत होती, "बघ, वहिनी पण रडते."

"गाडीची वेळ होईल," अण्णा म्हणाले. "येतेस?"

"येते," मी म्हटलं. "पण आता नाही. पाडवा झाला की. आणि चार दिवसांपुरतीच."

"बरं," म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

त्यांना असं पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण आत्याबाईंनीच प्रश्न सोडवला. "कुठं निघाला व्याही? घरी कोण वाट बघतंय? उद्या सकाळी जा. आणि नुसते उभे काय राहिलाय, तो साचा धरा! पुढचा पाक चढलाय." अण्णा खरोखर बाह्या दुमडून खाली बसले. अक्कांनी पहिल्याच साच्याला त्यांना झापलं, "अहो अण्णा, ताणून धरा की, झोपलात का?" अण्णा दचकले, आणि मग आयुष्यभर लोकांना हळू बोला म्हणणारा तो माणूस चांगला मोठ्यानं म्हणाला, "ताणलाय की हो! तुम्ही नीट बघा!" मग सगळ्यांनी चहा घेतला.

सकाळी त्यांना गाडीत बसवायला आम्ही दोघं गेलो होतो. गाडी सुटता सुटता मी खिडकीशी जाऊन विचारलं, "अण्णा, ते सागरगोटे टाकून दिलेत का?"

"नाही. कपाटात आहेत."

"पाडव्यानंतर येईन, तोवर काढून ठेवा."

त्यांनी काढून ठेवले होते. मी ते पदरात बांधून सासरी आणले. या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. शकूची नातवंडं शाळेत जातात, पण ती स्वतः माहेरपणाला आली की बाईसाहेब अजून मांडी घालून माझ्यासमोर डाव मांडतात. आणि सांगून ठेवते, ती लबाडी करते. मी तिच्या हातावरची नजर एकदाही हलवत नाही.